मामंजींच्या ताटात काय वाढू?

एका भगिनीचे पत्र आले आहे. सासऱ्यांना मधुमेह आहे, रक्तदाबही आहे. गावच्या यात्रेत मटणाचे जेवण झाले आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद सुजला. पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. डॉक्टरांनी गाऊट असल्याचे सांगितले. साखरेसाठी गोड बंद, रक्तदाबासाठी मीठ बंद, आणि आता शेजारीपाजारी म्हणतात डाळही बंद करा. ‘मग ताटात वाढू तरी काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, घाबरू नका. आधी दुखणे समजून घेऊ. आपल्या शरीरात युरिक आम्ल रोज तयार होते व बहुतांश मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ते साठले की त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात जमतात. ठणका त्यांचाच असतो.

पहिली बंदी दारूवर, त्यातही बीअरवर. दुसरी कलेजी, गुर्दा, वजडी यांवर. मटण, सुकट, बोंबील, तारली क्वचित आणि थोडे. ठणका असताना मुळीच नको. तिसरी बंदी बाटलीतल्या गोड पेयांवर. उसाचा रस, काकवी आणि गूळही त्यातच धरा. ‘गूळ घरचा आहे, चालतो’ ही समजूत मधुमेहाला आणि गाऊटला, दोघांनाही महाग पडते.

डाळीला मात्र उगाच बदनाम करू नका. मटणातील घटकांइतका त्रास डाळी-कडधान्यांनी होत नाही. वाटीभर वरण किंवा मटकीची उसळ चालेल. ज्वारीची भाकरी, दोडका, दुधी, मेथी, लोणी काढलेले बिनमिठाचे ताक, एखादे अंडे, असे ताट तिन्ही दुखण्यांना मानवते. लोणचे, पापड व खारवलेले मासे रक्तदाबासाठी टाळा. भाकरी मोजून वाढा, म्हणजे वजन व साखर आटोक्यात राहील. पण कडक उपास नकोत. उपाशी राहिल्यानेही ठणका उठतो.

शेतावर जाताना पाण्याची कळशी बरोबर हवी. उन्हात पाणी कमी पडले की खडे जमायला फावते. मात्र मूत्रपिंड अशक्त असेल किंवा हृदयविकाराने पायावर सूज येत असेल, तर पाणी किती, डाळ किती, फळे किती, हे डॉक्टरांनाच विचारावे. तेथे आपला अंदाज चालत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी जास्त करणाऱ्या, युरिक आम्ल वाढवतात. म्हणून ती गोळी मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. ते बदलून देऊ शकतात. दुकानातून आणलेली ठणक्याची गोळी मात्र रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडाला इजा करते. मधुमेह्याने ती विचारल्याशिवाय घेऊच नये. सुजलेला सांधा चोळू नका, डागणी देऊ नका. पाय उंच ठेवा, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा. अंगात ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा; सांध्यात पू झाला असेल तरी असाच ठणका असतो.

एक गोष्ट खरी सांगतो. पथ्याने युरिक आम्ल थोडेच उतरते. ठणका वारंवार येत असेल तर रोजची गोळी लागते आणि बरे वाटले तरी ती चालू ठेवावी लागते. रक्तातील प्रमाण साधारण ६ मिलिग्रॅमच्या खाली राहिले की जुने खडे हळूहळू विरघळतात. ऐन ठणक्यात केलेल्या तपासणीत हे प्रमाण कधी कधी ठीकही दिसते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी.

आणि ताई, मामंजींसाठी वेगळी चूल मांडू नका. हेच ताट घरातल्या सर्वांना वाढा. एकट्याने पाळलेले पथ्य चार दिवस टिकते, घराने पाळलेले वर्षानुवर्षे.