नोंद हीच भयावरची मात्रा
घाटकोपर-चेंबूरच्या वस्त्यांपासून जवळच, तुर्भे येथे, 4 ऑगस्ट 1956 रोजी देशातील पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ सुरू झाली. अशा शेजाराविषयी मनात शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन कशाने व्हावे, हा खरा प्रश्न आहे.

हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांत रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच वाढला. इतर कर्करोगांचा धोका अनेक दशके टिकला. मात्र त्यांच्या पुढे जन्मलेल्या संततीत आनुवंशिक दोषांची वाढ आजवर आढळलेली नाही. तरीही विवाह जुळवताना या कुटुंबांना संशय सोसावा लागला. बाँबचा मारा आणि भट्टीलगतची अल्प मात्रा यांची तुलना होत नाही. घ्यायचा तो पद्धतीचा धडा. दोन्ही सत्ये कळली ती 1947 पासून चिकाटीने चालवलेल्या तपासण्यांमुळे.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा 1995 चा सुरक्षा-अहवाल नागरी संघटनांनी मागितला, तेव्हा 1962 च्या कायद्याच्या आधारे तो नाकारण्यात आला. 2004 साली सर्वोच्च न्यायालयानेही तो नकार उचलून धरला. भट्ट्यांचे आराखडे खुशाल गुप्त राहोत. परंतु कामगारांच्या आणि शेजाऱ्यांच्या कुटुंबांचे आरोग्य हे राष्ट्रीय गुपित नव्हे. अणुऊर्जा खात्याबाहेरील वैद्यकांनी त्याची नोंद ठेवावी व ती दरवर्षी प्रसिद्ध करावी. धोका असेल तर तो वेळीच कळेल. नसेल तर निराधार भीतीही त्यानेच सरेल.