पार्किन्सन्सचं औषध आता 'ठिबक'ने: नगरकरांना काय उपयोग?
गोळी घेतली की आजोबा चालतात, दोन-तीन तासांत पुन्हा आखडतात. असं का? लेवोडोपाचं रक्तातलं प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येतं. सुरुवातीला मेंदूतल्या पेशी त्यापासून बनलेलं डोपामिन साठवून पुरवून वापरतात; आजार बळावला की ही साठवणच आटते.

म्हणून पाटपाण्याऐवजी ठिबक! त्वचेखाली बारीक नळीतून 24 तास औषध सोडणाऱ्या फॉसलेवोडोपा-फॉसकार्बिडोपाच्या पंपाला अमेरिकेत ऑक्टोबर 2024 मध्ये मंजुरी मिळाली. आजार त्याने बरा होत नाही, पण चढउतार कमी होतात.

खरी अडचण पुढेच आहे. डोस बसवायला, नळीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तर दाखवायला तज्ज्ञ जवळ हवा. अहिल्यानगर क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले किंवा जामखेडच्या घरासाठी पंपाइतकंच अंतरही महाग. तोवर गोळीची वेळ आणि अंग आखडल्याची वेळ वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना डोस ठरवायला तीच वही कामी येते.