हॉटेल निवडताना चवदार तळे आठवावे!

मागच्या महिन्यात आमच्या परिचयातील एक तरुण जोडपे घरी आले होते. दोघेही पुण्यात आयटी कंपनीत नोकरीला. मुलाच्या आजोबांनी हयातभर गावकीची कामे केली, वडील रेल्वेतून चतुर्थश्रेणी कर्मचारी म्हणून निवृत्त झाले. लग्नाला दहा वर्षे होत आहेत, म्हणून मुलांना घेऊन दोन रात्री मुंबईच्या एखाद्या पंचतारांकित हॉटेलात राहायचे असा दोघांचा बेत होता. मोबाईलवर खोल्यांचे फोटो दाखवले. खोलीला लागूनच छोटा, स्वतंत्र पोहण्याचा तलाव. दुसऱ्या कुणी तिथे यायचे नाही.

फोटो दाखवून झाल्यावर मुलगी म्हणाली, "दादा, यात आमचं काही चुकतंय का?"

प्रश्न उगाच आला नव्हता. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा बेत कळल्यावर एका काकांनी लिहिले होते, 'बाबासाहेबांनी याचसाठी शिकवलं का?' त्यावर पंधरा जणांनी अंगठे दाखवले होते.

आम्ही म्हणालो, चुकत काहीच नाही. कष्टाचा पैसा आहे, खुशाल जा. पण एक सांगा, त्या हॉटेलात गच्चीवर मोठा सामाईक तलाव आहे, मग वेगळा कशाला हवा?

दोघेही गप्प झाले. मग मुलीनेच सांगितले. त्यांच्या सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे. नवीन राहायला आल्यावर शेजारच्या बाईंनी आधी गाव विचारले, मग आडनाव. आडनावावरून अंदाज लागेना, तेव्हा विषय तिथेच राहिला. पुढे १४ एप्रिलला यांनी बाल्कनीत निळी रोषणाई केली, बाबासाहेबांचा फोटो लावला. त्यानंतरच्या रविवारी यांची मुले पाण्यात उतरली आणि त्या बाईंनी आपली मुले बाहेर बोलावून घेतली. पुढच्या रविवारीही तेच. "कुणी काही बोललं नाही, दादा. फक्त मुलं बाहेर काढली. माझी मुलगी विचारते, आई, मी आले की ती का जातात? दोन दिवस तरी कुणाच्या नजरेत न येता पोहायचंय आम्हाला."

विषय वरवर हॉटेलचा आहे. पण या एका वाक्यात शंभर वर्षांचा इतिहास आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी त्या काकांना आणि अंगठे दाखवणाऱ्या पंधरा जणांना उत्तर. आमच्या माणसाने चांगले घर घेतले, गाडी घेतली, मुलीचे लग्न थाटात केले की लगेच 'समाजाला विसरला' हा शिक्का बसतो. समाजाला विसरणारे आहेत, हे आम्हाला मान्य आहे. ज्याच्या घरात आरक्षणाने उजेड आला आणि जो वस्तीकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याला जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारायचा तो त्याच्या विसरण्याबद्दल, त्याच्या सुखाबद्दल नव्हे! आपल्या लोकांनी चांगले नेसू नये, दागिना घालू नये, घोड्यावर बसू नये हा नियम कुणाचा होता? गावगाड्याचा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना बाबासाहेबांनी लुगडे नेसण्याची जातीची ओळख सांगणारी पद्धत सोडायला सांगितली, नीटनेटके राहायला सांगितले. माणसाने कसे दिसावे, कसे राहावे हे जात ठरवणार नाही, हाच त्याचा अर्थ होता. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेसाठी आले तेव्हा बाबासाहेब श्याम हॉटेलात उतरले होते. हॉटेलात उतरण्याने चळवळ बाटत नाही.

उलट, आमच्यासाठी हॉटेलची खोली हा हक्काचा प्रश्न आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणे शक्य नव्हते. शेवटी एका पारशी सराईत ते खोटे पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणून धमकावून गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला तो माणूस रात्रीची गाडी येईपर्यंत कामाठी बागेत बसून होता. ही हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. शहर बडोदे, दोष एकच, आडनावामागची जात. खोली होती, भाडे द्यायला माणूस तयार होता, तरी जागा नव्हती.

पुढे त्याच माणसाने राज्यघटनेच्या मसुद्याचे काम पाहिले. आजच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात काय आहे? दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणाला मज्जाव करता येणार नाही. आणि लगेच त्याखाली विहिरी, तलाव, स्नानघाट. हॉटेल आणि तलाव एका दमात! बडोदा आणि महाड शेजारी शेजारी आहेत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' शब्दाचा अर्थ विचारला गेला. बाबासाहेबांनी सांगितले की हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे. दुकानात पाऊल टाकू देणे एवढाच त्याचा अर्थ नाही. जो सेवा देऊ करतो त्याने, अटी मान्य असतील तर, ती सेवा सर्वांना दिली पाहिजे. पुढे १९५५ च्या कायद्याने, ज्याला आज आपण नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतो, अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा ठरवला. लॉज, खानावळ, कॉफी हाऊससुद्धा त्यात 'हॉटेल' या व्याख्येत येतात. म्हणून आमचा तरुण पंचतारांकित हॉटेलच्या काउंटरवर आपल्या खऱ्या नावाने, खऱ्या आडनावाने सही करतो, तेव्हा तो चैन करत नसतो. बडोद्याचा हिशेब चुकता करत असतो.

आता मूळ मुद्दा. 'खासगी' तलाव.

हा शब्द आम्ही महाडच्या खटल्यात ऐकलेला आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर मारहाण झाली. तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. आणि डिसेंबरच्या परिषदेच्या तोंडावर सवर्णांनी दिवाणी दावा लावला. दाव्यात म्हणणे काय? तळे सार्वजनिक नाही, खासगी स्वरूपाचे आहे! गुरे पाणी पीत होती, परधर्मीय पाणी भरत होते, तोवर ते सर्वांचे होते. आमचा हात लागताच ते खासगी झाले. न्यायालयात हे टिकले नाही. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादि रूढीही सिद्ध झाली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला. ओंजळ आणि निकाल यांत दहा वर्षे गेली.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे समजू नका. अमेरिकेत वर्णभेदाची शेवटची झुंज ज्या ठिकाणी झाली त्यांत पोहण्याचे तलाव होते. जून १९६४ मध्ये फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे काळे आणि गोरे कार्यकर्ते एका मोटेलच्या तलावात एकत्र उतरले, तर व्यवस्थापकाने पाण्यात ॲसिड ओतले. मिसिसिपीतील जॅक्सन शहराने, काळ्यांना प्रवेश द्यावा लागेल म्हणून, नगरपालिकेचे तलावच बंद करून टाकले, आणि १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतले. ज्यांच्याकडे पैसा होता ते गोरे आपल्या खासगी क्लबात आणि परसातल्या तलावात पोहू लागले. सामाईक पाण्यावर समतेचा हक्क आला की वरचा वर्ग आपले पाणी वेगळे करतो, ही जुनी रीत आहे.

आणि आता आमची मुलगी स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी वेगळे पाणी मागते आहे. गोऱ्याने खासगी तलाव बांधला तो दुसऱ्याला टाळण्यासाठी. ही मागते ती दुसऱ्याच्या नजरेपासून लेकरांना वाचवण्यासाठी. दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आम्ही जाणतो. आईला दोष द्यायला आमची जीभ धजत नाही. पण परिणाम काय होतो? सामाईक तलाव पुन्हा त्यांचाच राहतो. कुणी हाकलले नाही, ठराव मागे घेतला नाही, गोमूत्र शिंपडले नाही, तरी आम्ही बाहेर! महाडला बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की या तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरणार नाही, आपण जातो आहोत ते आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला. पाण्याचाच प्रश्न असता तर वेगळी विहीर खणून मिटला असता. वेगळ्या विहिरीचा सल्ला देणारे तेव्हाही कमी नव्हते.

म्हणून आमचा सल्ला असा. एकांत हवा म्हणून खासगी तलावाची खोली घ्यायची असेल तर बेलाशक घ्या. नवरा-बायकोला एकांत हवासा वाटणे यात काहीही वावगे नाही. पण भीतीने घेऊ नका. त्याच हॉटेलच्या सामाईक तलावातही मुलांना घेऊन उतरा. कुणी नाव विचारले तर पूर्ण नाव सांगा. नाव ऐकून कुणी उठून गेले तर जाऊ द्या. जागा मोकळी होईल, मुलांना पोहायला बरी!

आणि निवड करायचीच आहे तर खोलीच्या फोटोपलीकडे बघून करा. जून २०१९ मध्ये वडोदरा जिल्ह्यातील डभोईजवळ एका हॉटेलची सांडपाण्याची टाकी साफ करताना सात माणसे गुदमरून मेली. चार सफाई कामगार, तीन हॉटेलचे कर्मचारी. बाबासाहेबांना सराईतून हाकलले ते हेच वडोदरा. गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्याच्या धोकादायक कामाला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मृताच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख ठरवली. तरी माणसे उतरवली जातात, आणि ती कोणत्या जातीची असतात हे आम्ही सांगायला नको. तेव्हा बुकिंग करताना न्याहारी फुकट आहे का हे विचारता, तसेच हेही विचारा: तुमची टाकी यंत्राने साफ होते की माणसाने? सफाई कामगार कायम आहेत की ठेकेदाराचे? उत्तर देताना व्यवस्थापक अडखळला तर दुसरे हॉटेल बघा. दहा ग्राहकांनी विचारले तर अकराव्या वेळी उत्तर तयार ठेवावे लागेल.

पाण्याचाही हिशेब करा. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, सव्वा मीटर खोल, एवढ्या छोट्या तलावात साडेबावीस हजार लिटर पाणी मावते. मुंबईत झोपडपट्टीतल्या माणसासाठी दिवसाला ४५ लिटरचा मापदंड लावला गेला, इमारतीतल्या माणसासाठी १३५ लिटरचा. म्हणजे त्या एका तलावात वस्तीतल्या ५०० माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. तलाव रोज भरत नाहीत, पाणी गाळून पुन्हा वापरतात, हे खरे. पण त्याच शहरात अनधिकृत वस्तीतल्या लोकांना पाण्यासाठी न्यायालयात जावे लागले, आणि पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे मुंबई उच्च न्यायालयाला डिसेंबर २०१४ मध्ये सांगावे लागले, हेही तितकेच खरे. तुम्ही पोहू नका असे आमचे म्हणणे नाही. पोहून आल्यावर वस्तीच्या पाण्याच्या मोर्चात या, एवढेच म्हणणे आहे. काकांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळेल, हॉटेलच्या बिलात नाही.

त्या जोडप्याने कोणती खोली घेतली ते आम्ही विचारलेले नाही. तो त्यांचा प्रश्न आहे. पण परवा मुलीचा फोन आला. म्हणाली, "दादा, हॉटेलचं बघू नंतर. आधी सोसायटीचा तलाव. या रविवारी मुलांना घेऊन उतरणार आहे, मीसुद्धा. तुम्ही नातवंडांना घेऊन या ना." पाहुण्यांची फी भरावी लागते म्हणे. आम्ही भरणार आहोत. नातवंडांसाठी पोहण्याचे कपडे आणले आहेत, आणि रजिस्टरमध्ये नाव लिहायचे असते, ते आम्ही ठळक अक्षरांत लिहिणार आहोत.

जय भीम!