ओमतीची वीज, बरगीची जमीन

जबलपूरच्या ओमती भागात औष्णिक केंद्राची चिमणी नाही, कोळशाची खाण नाही, धरणही नाही. तिथल्या दुकानांत आणि घरांत वापरली जाणारी वीज दूरवरचा कोळसा, नर्मदेचे पाणी, पठारावरचे ऊन आणि थोड्या प्रमाणात शहराचाच कचरा यांतून तयार होते. मध्य प्रदेशच्या वीजनिर्मिती आणि पारेषण कंपन्यांची मुख्यालये याच शहरातल्या शक्तिभवनात आहेत. त्यामुळे विजेच्या प्रत्येक स्रोताची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न जबलपूरला टाळता येणार नाही.

सर्वांत मोठा वाटा अजूनही कोळशाचा आहे. उमरिया जिल्ह्यात बिरसिंगपूरचे संजय गांधी केंद्र 1,340 मेगावॅटचे, तर खंडवा जिल्ह्यातले सिंगाजी केंद्र 2,520 मेगावॅटचे आहे. कोळशाच्या एका युनिट विजेमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतीय कोळशात साधारण 30 ते 45 टक्के राख असते. ती पाण्यात कालवून तलावांत साठवली जाते, तेव्हा तिच्यातले जड धातू भूजलात झिरपण्याचा धोका राहतो. एप्रिल 2020 मध्ये सिंगरौलीत सासन प्रकल्पाच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला. त्या लोंढ्यात माणसे दगावली आणि शेते राखेखाली गेली. धुरातल्या गंधकावर मर्यादा घालणारे निकष 2015 मध्ये आले, पण मुदत पुन:पुन्हा वाढत गेली आणि 2025 मध्ये देशातल्या बहुतांश केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. स्वस्त कोळसा या शब्दांमागे ही न भरलेली बिले आहेत.

जलविद्युत धूर सोडत नाही, पण जमीन घेते. नर्मदेवरच्या मोठ्या धरणांच्या मालिकेत बरगी आधी उभे राहिले. 1970 च्या दशकात सुरू झालेले त्याचे काम 1990 मध्ये पूर्ण झाले. जलाशयाने जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतली 162 गावे बाधित केली आणि जवळपास 27,000 हेक्टर जमीन पाण्याखाली घेतली. विस्थापितांत गोंड आदिवासींची संख्या मोठी होती. नदीकाठच्या मुख्य वीजगृहाची क्षमता मात्र 90 मेगावॅट आहे. रीव्याचा सौर प्रकल्प 1,500 हेक्टरांच्या उद्यानात 750 मेगावॅट क्षमतेचा आहे. बरगीतून सिंचन होते, पिण्याचे पाणी मिळते आणि सौर पॅनेल रात्री थांबतात, हे धरूनही जमिनीच्या हिशेबातली ही तफावत मोठी आहे.

त्याच जलाशयाच्या काठी, मंडला जिल्ह्यातल्या चुटका येथे 700 मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. अणुवीज तयार होताना कार्बन जवळजवळ निघत नाही आणि ती दिवसरात्र मिळते. पण अशा भट्टीतल्या उष्णतेचा साधारण एक तृतीयांश भागच विजेत बदलतो. उरलेली उष्णता पाण्यामार्फत बाहेर टाकावी लागते. किरणोत्सारी कचरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागतो. बरगीने एकदा उठवलेल्या माणसांना इथे दुसऱ्यांदा उठावे लागण्याची भीती आहे. देशाच्या प्रगतीसाठी एकाच समाजाने दोनदा घर सोडावे, ही मागणी न्याय्य नाही.

जबलपूरच्याच कठौंदा येथे 2016 पासून कचऱ्यापासून वीज करणारा 11.5 मेगावॅटचा प्रकल्प आहे. रोज 600 टन कचरा जाळण्याची त्याची रचना आहे. उकिरडा कमी होतो, हा त्याचा खरा फायदा. मात्र आपला कचरा ओला असतो, तो नीट पेटत नाही, आणि त्यात प्लास्टिक मिसळले तर डायऑक्सिनसारखी विषे तयार होऊ शकतात. घरातच ओला-सुका वेगळा केला, तरच हा मार्ग स्वच्छ राहतो.

पुढची दिशा उन्हाची आहे. 2017 च्या लिलावात रीव्याचा पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2 रुपये 97 पैसे ठरला. 2025 मध्ये मुरैनातल्या साठवणुकीसह सौरविजेची बोली 2 रुपये 70 पैशांवर आली. संध्याकाळची मागणी भागवण्यासाठी बॅटऱ्या आणि पाणी वर उपसून साठवणारे प्रकल्प येत आहेत. ओंकारेश्वरच्या जलाशयावर तरंगते पॅनेलही बसले आहेत. जून 2025 मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर पोहोचला, पण प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश अजून कोळशाचीच आहे. क्षमतेचा आकडा पाहून समाधान मानण्यात धोका आहे. सौर ऊर्जाही निष्कलंक नाही: तिला जमीन आणि पॅनेल धुण्यासाठी पाणी लागते, बॅटऱ्यांसाठी खाणी लागतात, आणि जुन्या पॅनेलांचा ढीग पुढे येणार आहे. 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलांचा समावेश झाला; अंमलबजावणीची कसोटी बाकी आहे.

म्हणून क्रम स्पष्ट हवा. आधी शहरांची छपरे आणि सरकारी इमारती, मग पडीक जमीन, आणि त्यानंतर मासेमारांचा हक्क राखून जलाशयांचा पृष्ठभाग. राखेचे तलाव रिकामे करण्याचा आणि गंधकनियंत्रणाचा खर्च विजेच्या दरात उघडपणे धरला पाहिजे. नव्या प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी त्याची जमीन, पाणी, कचरा आणि विस्थापन यांचा हिशेब स्थानिकांच्या भाषेत ग्रामसभेपुढे मांडला गेला पाहिजे. ज्यांची जमीन गेली, त्यांना एकदाच्या भरपाईऐवजी विजेच्या उत्पन्नात कायमचा वाटा मिळाला, तरच उद्याची ऊर्जा हवेला स्वच्छ आणि माणसांना न्याय्य ठरेल.