निदानाआधीच शस्त्रक्रिया?

खोल समुद्रातील खनिजे काढण्याला गती देणाऱ्या आदेशावर अमेरिकेच्या अध्यक्षांनी २४ एप्रिल २०२५ रोजी सही केली. आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाची उत्खननाची नियमावली तोवर तयार नव्हती. सर्वांची नजर आहे ती हवाई आणि मेक्सिको यांच्यामधल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यावर. तिथे चार-साडेपाच हजार मीटर खोलीवर बटाट्याएवढे गोटे पसरले आहेत, त्यांत मँगनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबे आहे. त्याच चिखलात एल्पिडिइडी कुळातल्या सागरी काकड्या चरतात. आजची चर्चा त्यांच्याविषयी.

स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ याल्मार तेएल यांनी १८८२ मध्ये हे कूळ मांडले. नावात काकडी असली तरी हा प्राणी आहे, तारामाशाचा नातलग. उथळ पाण्यातल्या बहुतेक सागरी काकड्या गुदद्वारातून पाणी ओढून शरीरातल्या फांद्याफांद्यांच्या अवयवाने श्वास घेतात. या कुळात तो अवयवच नाही. पाय मोजके पण मोठे, आतल्या पाण्याच्या दाबाने फुगणारे. ‘समुद्री डुक्कर’ म्हणून ओळखली जाणारी स्कोटोप्लेन्स अशाच पायांवर चिखलातून चालते आणि तोंडाभोवतीच्या दहा शुंडकांनी अन्न उचलते.

जात ओळखण्याची खूण मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्वचेत चुन्याचे सूक्ष्म कण असतात, काही काड्यांसारखे, काही काटेरी बाहूंचे. मांस ब्लीचमध्ये विरघळवून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. कॅमेऱ्याला ते दिसत नाहीत, आणि जाळ्यात हा मऊ प्राणी फाटतो. त्यात नमुना साध्या फॉर्मलिनमध्ये राहिला तर ते हळूहळू आम्लधर्मी होऊन कणच विरघळवते. बायोप्सी पाठवताना बफर केलेल्या फॉर्मलिनचा आग्रह धरणाऱ्या आम्हा डॉक्टरांना हे दुखणे चांगलेच परिचित आहे.

या पट्ट्यात सुमारे ५,५७८ जाती असाव्यात आणि त्यांतल्या जवळपास ९० टक्के जातींना शास्त्रीय नाव नाही, असे २०२३ च्या एका आढाव्यात म्हटले आहे. ‘उत्खननाआधी इतके प्राणी, नंतर इतके’ ही छायाचित्रांवरची मोजणी मला म्हणूनच अपुरी वाटते. दिसायला सारख्या तीन जाती एकाच नावाखाली मोजल्या, तर त्यांतली एक संपल्याचे कळणार कसे? शिवाय संख्या आपसूकही बदलते. ईशान्य अटलांटिकच्या पोर्क्युपाइन मैदानात १९९० च्या दशकात याच कुळातली अँपेरिमा रोझिया कैक पटींनी वाढली, तीही कोणतेही यंत्र न उतरता. म्हणून ‘आधी’ची नोंद अनेक वर्षांची हवी. घाव लवकर भरत नाहीत, हे तर दिसलेच आहे: याच पट्ट्यात १९७९ मध्ये चाचणी यंत्राने पाडलेले चर ४४ वर्षांनंतरही स्पष्ट होते.

हा प्रश्न फक्त परक्यांचा नाही. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळावर भारताला अशा गोट्यांच्या शोधाचा हक्क आहे. हक्क शोधाचा आहे, उत्खननाचा नव्हे. म्हणजे आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक प्राण्याचा तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये आणि उरलेला नमुना संग्रहालयात ठेवायला अजून वेळ आहे.