सातवीनंतरचे दार

शहरातील नगरपालिकेच्या शाळेत हौसेने मुलाचे नाव घालणारा पालक पाचवी-सातवीनंतर खासगी शाळेची वाट धरतो, तेव्हा त्याला इंग्रजीचा मोह पडला असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. सेवाग्रामचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेतून आणि डॉ. झाकिर हुसेन समितीच्या अहवालातून हस्तोद्योगावर आधारलेली सात वर्षांची नई तालीम आकाराला आली. सेवाग्रामास आर्यनायकम् दांपत्याने ती चालविली. पुढे उत्तर बुनियादीचीही जोड मिळाली. पण महाविद्यालयाचे आणि सरकारी नोकरीचे दार मॅट्रिकच्या दाखल्यानेच उघडत राहिले. सूत कातणाऱ्या मुलाच्या बापाने ‘पुढे काय?’ असे विचारले, तर तो त्याचा अपराध कसा?

आज शहरांतही प्रश्न तोच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमी सहा ते चौदा या वयापुरतीच आहे आणि नगरपालिकांच्या कित्येक शाळा सातवी-आठवीलाच थांबतात. साहजिकच, दूरचे पाहणारा पालक दहावीपर्यंतच्या शाळेत आधीच जागा धरून ठेवतो. पालिकांना मुले टिकवायची असतील, तर त्यांनी प्रथम दहावीपर्यंतचे वर्ग काढावेत. पालकांना निष्ठेचा उपदेश त्यानंतर करावा.