घरचें यंत्र : रेडिओचें तुटलेलें वेटोळें

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या माजघरांतील जुना रेडिओ एकाएकीं क्षीण बोलूं लागला, आणि घरांत दोन पक्ष पडले. पुतण्याचें म्हणणें, पेटींतील सर्व जुनें सामान काढून टाकावें व तेथें ब्ल्यूटूथचें लहानसें यंत्र बसवावें. बाहेरून रूप तेंच राहील आणि आंतून हवें तें गाणें वाजेल. काकूंचें म्हणणें थोडक्यांत होतें : "मग तो रेडिओ राहिला कुठें?" काकूंना ८७ वें वर्ष चालू आहे. १९५८ सालीं त्या सून म्हणून या घरांत आल्या, तेव्हां हा पांच व्हॉल्व्हांचा विलायती संच कोनाड्यांत आधींच विराजमान झालेला होता. वडील मंडळींच्या देखत त्यावर बातम्या आणि नाट्यसंगीत एवढेंच चाले. परंतु बुधवारीं रात्रीं मामंजी देवळांत कीर्तनाला गेले, कीं रेडिओ सिलोनवरील अमीन सयानींची बिनाका गीतमाला अगदीं हलक्या आवाजांत लागे. आणि ते परतण्यापूर्वीं कांटा होता त्या जागीं आणून ठेवण्याचें काम या धाकट्या सुनेकडे असे. मीं दोन्ही पक्षांकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

रोग्याची नाडी प्रथम पाहावी, औषध मागाहून. लघुलहरींवर रेडिओ पूर्वीसारखाच खरखरत होता व रात्रीं एखादें परदेशी केंद्रहि बोलत होतें. याचा अर्थ व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, भोंगा हे सर्व निर्दोष. मध्यम लहरींवर आवाज अत्यंत बारीक येई, पण केंद्र डायलवरील आपल्या ठरलेल्या जागींच लागे. म्हणजे संचाचा आंतला आंदोलकहि ठीक होता. उरलें तें मध्यम लहरींचें एरियलकडील वेटोळें. कारागीर त्याला कॉइल म्हणतात.

या वेटोळ्याचें काम काय, हें समजून घेण्यासारखें आहे. आकाशांतून येणाऱ्या शेंकडों लहरींतून एकच निवडण्याचें काम दोघे मिळून करतात : एक गँग कंडेन्सर, ज्याच्या पात्या आपण खुंटी फिरवितांना एकमेकींत शिरतात, आणि दुसरें हें तांब्याच्या तारेचें वेटोळें. एरियलच्या वेटोळ्यांत बहुधा दोन गुंडाळ्या असतात. पहिली एरियलला जोडलेली; दुसरी गँगला जोडलेली. पहिली दुसरीला स्पर्श न करतां आपली लहर तिच्या स्वाधीन करते. मल्टिमीटर लावून पाहिला, तों दुसऱ्या गुंडाळीचा रोध ३ ओहम भरला, म्हणजे ती शाबूत होती. पहिलीवर मात्र कांटा हललाच नाहीं. तार तुटली होती.

भिंग घेऊन पाहिल्यावर कारणहि सांपडलें. पत्र्याच्या टोकाला जेथें डाख दिलेला होता, तेथून आंत हिरवा ठिपका पसरलेला होता. तांब्याच्या भांड्याला जसा कळंक चढतो तसाच केसाएवढ्या तारेलाहि चढतो, आणि भांडें चिंचेनें घासतां येतें तशी ही तार घासतां येत नाहीं. कोंकणपट्टींतील दमट हवेंत हें विशेष घडतें. कित्येकदां जवळपास वीज पडल्यामुळेंहि ही पहिली गुंडाळी जळते. पण तेव्हां ती काळी पडलेली दिसते.

येथें एक इशारा मुद्दाम देतों. जुन्या ए.सी.-डी.सी. संचांत लोखंडी चासी विजेच्या एका तारेला सरळ जोडलेली असते. त्या चासीला हात लागणें म्हणजे विजेच्या तारेलाच हात लागणें. इतर संचांतहि आंत शेंकडों व्होल्टचा दाब असतो, आणि बटण बंद केल्यावरहि मोठ्या कंडेन्सरमध्यें तो कांहीं काळ टिकून राहतो. म्हणून प्लग काढून, कंडेन्सर रिकामे झाले आहेत हें मीटरनें पाहूनच आंत हात घालावा. ज्याला हें पाहतां येत नाहीं त्यानें चासी उघडूंच नये.

प्रथम प्रत्येक तार कोठून कोठें जाते याचें चित्र काढून ठेवलें. नंतर वेटोळें सोडवून, मेण मऊ होईपर्यंत केस वाळविण्याच्या यंत्रानें ऊब दिली. बाहेरचें टोक तुटलें असतें तर एखादा वेढा उलगडून पुन्हां डाख दिला असता, कीं काम भागलें असतें. आमच्या दुर्दैवानें कळंक आंतवर गेला होता. तेव्हां संपूर्ण गुंडाळी उलगडणें भाग पडलें, व वेढे मोजण्याचें काम काकूंनीं आपण होऊन पत्करलें. मी उलगडीत होतों आणि त्या जपाच्या माळेचा एकेक मणी ओढीत होत्या. दोन माळा पुऱ्या होऊन वर एकोणतीस मणी झाले : २४५ वेढे.

या पहिल्या गुंडाळीच्या बाबतींत निसर्ग थोडा उदार आहे; चारदोन वेढे कमीअधिक झाले तरी चालतात. मीं पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांमध्यें तितक्याच बारीक इनॅमलच्या तारेचे वेढे, मूळच्याच दिशेनें, घेतले. दुसरी गुंडाळी तुटली असती तर इतकें सोपें गेलें नसतें. ती पुष्कळदां रेशमी वेष्टणाच्या, अनेक पदरी तारेची असते. त्यांतला प्रत्येक पदर स्वतंत्र इनॅमलचा असल्यानें, जोड देतांना प्रत्येक पदर बारीक पॉलिशपेपरनें हलक्या हातानें साफ करून सर्वांना एकत्र डाख द्यावा लागतो. एकदोन पदर सुटले तरी रेडिओ बोलतो, पण शेजारचीं केंद्रें एकमेकांत मिसळूं लागतात.

आणि ती गुंडाळी पूर्णपणें नष्ट झालेली असेल तर? मग गणिताचा आश्रय घ्यावा. गँग सुमारें ५०० पिकोफॅरॅडचा असेल व तो ५४० किलोहर्ट्झपर्यंत खालीं उतरावयास हवा असेल, तर वेटोळें सुमारें १७४ मायक्रोहेन्रींचें लागतें. हॅरॉल्ड व्हीलर यांनीं १९२८ मध्यें दिलेलें सूत्र असें : त्रिज्येच्या वर्गाला वेढ्यांच्या संख्येच्या वर्गानें गुणावें आणि त्रिज्येची ९ पट व लांबीची १० पट यांच्या बेरजेनें भागावें, मापें इंचांत घेतलीं कीं उत्तर मायक्रोहेन्रींत मिळतें. एक इंच व्यासाच्या नळीवर एक इंच लांबींत एकेरी १०० वेढे घेतले, तर उत्तर १७२ येतें. ३४ नंबरची इनॅमलची तार या हिशेबाला जवळजवळ बरोबर बसते. वेढ्यांचा वर्ग होतो हें मात्र विसरूं नये. शंभरांत पांच वेढे चुकले तर मायक्रोहेन्री जवळजवळ दहा टक्क्यांनीं चुकतात आणि डायलवरचा कांटा खोटें बोलूं लागतो.

बाजारांत ट्रान्झिस्टरची लहान रंगीत कॉइल मिळते, ती येथें चालेल काय, असें पुष्कळ जण विचारतात. चालत नाहीं, ती निराळ्या, लहान गँगकरितां केलेली असते. त्यापेक्षां मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा भंगारवाल्याकडे त्याच नमुन्याचा एखादा मोडका संच मिळाला, तर तो घ्यावा.

आंदोलकाच्या वेटोळ्याविषयीं शंका असेल, तर एक युक्ति सांगतों. ४५५ किलोहर्ट्झच्या मध्यावृत्तीचा जुना संच ८०० वर लावावा, आणि शेजारीं एक लहान ट्रान्झिस्टर १२५५ च्या आसपास फिरवावा. त्यांत शीळ ऐकूं आली, किंवा एका जागीं खरखर एकदम थांबली, तर आंदोलक जिवंत आहे. तें वेटोळें स्वतः गुंडाळलें असून कांहींच ऐकूं येत नसेल, तर एका गुंडाळीचीं टोकें उलटीं जोडून पाहावीं. हा दोष मीं स्वतः एकदां केला आहे आणि दोन दिवस व्हॉल्व्हला नांवें ठेवीत बसलों आहें.

वेटोळें जागीं बसवून, वर पातळ मेणाचा हात फिरवून, आठव्या दिवशीं रात्रीं संच चालू केला. मध्यम लहरींचीं कित्येक केंद्रें अलीकडच्या वर्षांत बंद झालीं आहेत; तेव्हां कांहीं सांपडेल कीं नाहीं अशी धाकधूक होती. कांटा मध्याच्या जरा पुढें गेला आणि एका निवेदिकेचा स्वच्छ आवाज माजघरभर पसरला. पुतण्या आपण होऊन जवळ येऊन बसला व ट्रिमरचा स्क्रू त्यानेंच बेतानें जुळविला. त्याचें ब्ल्यूटूथचें यंत्र आतां एका निराळ्या पेटींत वाजतें. काकूंनीं पांच मिनिटें ऐकलें, आवाज कमी केला आणि कांटा होता त्या जागीं आणून ठेवला.